पाय पाहून अंथरूण

२०२४ सालच्या मे महिन्यांत आमच्या घरीं एक लहानशी सभा भरली. निमित्त संगणकाचें होतें. थोरल्या बंधूंची बँकेंतील एक ठेव मुदत भरून परत आली होती, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत असलेल्या त्यांच्या चिरंजिवांस तिच्यांतून एक उत्तम संगणक घेऊन द्यावा, असें त्यांच्या मनांत होतें. "मुलाच्या विद्येंत काटकसर नको. घ्यावयाचें तें एकदांच आणि भारी घ्या," असा दादांचा अभिप्राय पडला. चिरंजिवांनीं यादी तयारच ठेविली होती, व तिच्या माथ्यावर थ्रेडरिपर ७९६०एक्स या चोवीस कोअरच्या प्रोसेसरचें नांव झळकत होतें.

आमच्या घरांत आणखी एक संगणक आहे; तो माझ्या सुनेचा. ती वास्तुविशारद असून, जीं घरें अजून बांधावयाचीं आहेत त्यांचीं हुबेहूब चित्रें संगणकावर तयार करून देणें हा तिचा व्यवसाय. तिचें यंत्र जुनें झालें आहे, ही गोष्ट त्या सभेंत कोणीं काढली नाहीं. ती स्वतः सभेंत नव्हती. तिला बोलावण्याचें कोणास सुचलेंच नाहीं. मलाही सुचलें नाहीं. हें प्रारंभींच कबूल करितों, कारण आजचा लेख त्या चुकींतूनच निघाला आहे.

अशा प्रसंगीं घरांत सामान्यतः दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "स्वस्त तें शेवटीं महाग पडतें." दुसरा बजावतो, "अंथरूण पाहून पाय पसरावे." दोन्ही वचनें शहाणपणाचीं आहेत, पण प्रोसेसर निवडतांना दोन्ही अपुरीं पडतात. एकांत विचार वस्तूच्या किंमतीचा आहे, दुसऱ्यांत आपल्या थैलीचा. जें काम त्या यंत्राकडून करून घ्यावयाचें, त्याचा विचार कोणांतच नाहीं. येथें आधीं पाय मोजावे लागतात. अंथरुणाची गोष्ट मागाहून.

एएमडी या अमेरिकन कंपनीचेच दोन प्रोसेसर शेजारीं ठेवून पाहूं. धाकटा रायझेन ५ ७६००. हा जानेवारी २०२३ मध्यें बाजारांत आला, तेव्हां त्याची किंमत २२९ डॉलर होती. त्यांत सहा कोअर आहेत. थोरला तो वर सांगितलेला थ्रेडरिपर. हा नोव्हेंबर २०२३ मध्यें १४९९ डॉलरला आला. म्हणजे कोअर चौपट आणि किंमत साडेसहापट. आतां गंमत अशी कीं, दोहोंच्या कोअरची मूळ घडण एकच आहे. दोघेही झेन ४ या एकाच घराण्यांतले. कोअर जास्तींत जास्त ज्या वेगानें धांवूं शकतो, तो वेग धाकट्यांत ५.१ गिगाहर्ट्झ व थोरल्यांत ५.३ आहे, फरक अवघा चार टक्क्यांचा. तेव्हां जें काम एकाच कोअरनें करावयाचें, त्यासाठीं साडेसहापट पैसे मोजूनही हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. थोरल्याचा थोरपणा आहे तो मुख्यतः संख्येचा.

संख्या केव्हां उपयोगी पडते, हें आमच्या वाचकभगिनींस सांगण्याची जरुरी नाहीं. होळीच्या दिवशीं पुरणपोळ्यांचा घाट घातला म्हणजे लाटावयास जितके हात अधिक, तितक्या पोळ्या लवकर. परंतु डाळ शिजण्यास लागणारा वेळ, घरांत सहा सुना असोत कीं चोवीस असोत, तेवढाच लागतो. ती शिजेपर्यंत एकीनें चुलीकडे पाहावें आणि बाकीच्या तेवीसजणींनीं हात बांधून उभें राहावें, एवढेंच.

हीच गोष्ट आयबीएमच्या सिस्टिम/३६० या प्रख्यात संगणकमालिकेचे मुख्य रचनाकार जीन अमडाल यांनीं १९६७ सालीं मांडली, आणि तींतून निघालेला नियम आज त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. समजा, एका कामास एका कोअरला शंभर मिनिटें लागतात, आणि त्यांपैकीं वीस मिनिटांचा भाग डाळ शिजविण्यासारखा, म्हणजे वाटून न देतां येणारा आहे. सहा कोअर लावले तर तीं वीस मिनिटें तशींच राहतात, व उरलेल्या ऐंशींचीं सुमारें तेरा होतात, एकूण तेहेतीस. चोवीस लावले तर वीस आणि सुमारें तीन, मिळून तेवीस. कोअर चौपट झाले. मिनिटें वांचलीं दहा. आणि उद्यां हजार कोअर आणून बसविले, तरी वीस मिनिटांच्या खालीं तें काम कांहीं उतरणार नाहीं.

मात्र थोरल्याचें सामर्थ्य केवळ कोअरांत नाहीं, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. चोवीस स्वैपाकी आणि कोठीच्या खोलीस दारें अपुरीं, असें झालें तर सारे दाराशींच खोळंबतील. म्हणून रॅममधून माहिती आणण्यास धाकट्यास दोन वाटा आहेत, तेथें या थ्रेडरिपरला चार आहेत. ग्राफिक्स कार्डें व डिस्का जोडण्याच्या वाटाही दुपटीहून अधिक. त्यास लागणारी रॅम रजिस्टर्ड जातीची असते. तिच्यांत एखादा बिट चुकून उलटला तर तो तेथल्या तेथें सुधारून घेण्याची सोय आहे. परंतु अशा नवरदेवाबरोबर वऱ्हाडही तोलामोलाचें येतें. ती रॅम महाग. मदरबोर्ड निराळा आणि महाग. थंड ठेवणारा कूलर वेगळा घ्यावा लागतो. आणि पडद्यावर चित्र उमटण्यास स्वतंत्र ग्राफिक्स कार्डावांचून गत्यंतर नाहीं. धाकट्याच्या खोक्यांत कूलर मिळतो, व साधें चित्र दाखविण्यापुरती सोय त्याच्या पोटांतच असते.

विजेचा हिशेब मात्र वाटतो तितका एकेरी नाहीं. भर कामांत धाकट्याची मर्यादा सुमारें ८८ वॉट, थोरल्याची ३५०; म्हणजे वीजही चौपट. पण काम पूर्णपणें वाटून जाणारें असेल तर थोरला तें सुमारें चतुर्थांश वेळांत संपवितो, आणि प्रोसेसरपुरतीं पाहिलें तर मीटरवर युनिटें जवळजवळ सारखींच पडतात. काम वाटलें जात नसेल तर मात्र पसारा मोठा आणि उजेड थोडा.

इतकें समजल्यावर मीं पुतण्यास म्हटलें, "बाबा रे, तुझ्या कामाचे पाय किती लांब आहेत तें आधीं मोजून दाखव." मोजण्याची रीत अवघड नाहीं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्यें एखाद्या चालत्या कामास अमुक इतकेच कोअर नेमून देतां येतात. एकदां सारे कोअर देऊन वेळ घ्यावा. मग तेंच काम निम्मे कोअर देऊन पुन्हां करावें. वेळ दुप्पट झाला तर काम वाटलें जातें असें समजावें. बदललाच नाहीं तर वाटलें जात नाहीं. पुतण्यानें एका मित्राच्या सहा कोअरच्या संगणकावर ही परीक्षा केली. यंत्रभागांच्या रेखाटनास निम्मे कोअर काढून घेतल्याचा पत्ताही लागला नाहीं. महाविद्यालयांतील प्रोग्रॅम तयार होण्यास चार सेकंद अधिक लागले. संध्याकाळच्या खेळांचा उल्लेख मीं केला नव्हता. तो त्यानेंच केला, आणि त्यांची गति मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असते हेंही सांगितलें. मुलगा प्रांजळ आहे. "काका, मला सहा कोअर पुष्कळ झाले," तो म्हणाला, आणि थोडें थांबून पुढें म्हणाला, "पण वहिनीच्या यंत्रावर हें करून पाहूं का?"

त्या यंत्रांतही सहाच कोअर होते, पण मागच्या पिढींतले. दिवसां ती स्केचअपमध्यें घराची आकृति रचते. त्या वेळीं भार बहुतेक एकाच कोअरवर असतो. रात्रीं व्ही-रे नांवाच्या सॉफ्टवेअरनें त्या आकृतीचें चित्र निघतें. खिडकींतून आलेलें ऊन भिंतीवर कसें पडेल, फरशींत त्याचें प्रतिबिंब कसें उमटेल, हें किरणांचा माग काढून गणिलें जातें. किरण असंख्य, आणि एकाचें गणित दुसऱ्यासाठीं सहसा अडून राहत नाहीं. म्हणजे हा खरा पोळ्या लाटण्याचा प्रकार. ग्राफिक्स कार्डाकडूनही हें काम करवितां येतें, परंतु तिचीं मोठीं दृश्यें तिच्या कार्डाच्या स्मृतींत मावत नसत. पुतण्यानें तीन कोअर काढून घेतले, तों चार तासांचें चित्र पावणेआठ तासांवर गेलें.

एका घराचीं पांच चित्रें द्यावयाचीं म्हणजे वीस तास झाले. तेवढा वेळ यंत्र दुसऱ्या कामास मोकळें नाहीं. एक चित्र संपलें कीं तें बिघडलें नाहीं ना हें पाहून दुसरें लावावयाचें, म्हणून ती मध्यरात्रीं व पुन्हां पहाटे उठत असे. माजघरांतला दिवा रात्रीं दोन वाजतां लागतो हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें. तिला झोपच कमी आहे, असा आम्हीं समज करून घेतला होता! दोन वर्षें घरखर्चास तिचा हातभार लागत होता, आणि तिचें यंत्र मात्र "चित्रें काढण्यापुरतें" म्हणून एकदां घेतलेलें, तेंच चाललें होतें.

हें ऐकून दादा कांहीं वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तर मग तें चोवीस कोअरचें यंत्र सूनबाईसच घ्या."

तिचें उत्तर मला अजून आठवतें. "मोठे मामंजी, मला वेग नको आहे, मला रात्र हवी आहे." आणि तिनें कागदावर मांडून दाखविलें. पांच चित्रांस सहा कोअरांनीं वीस तास, सोळांनीं साडेसात, चोवीसांनीं पांच. "रात्रीं दहा वाजतां सारीं चित्रें ओळीनें लावून निजलें, तर सोळा कोअरांत तीं साडेपांचास तयार होतील, चोवीसांत पहाटे तीनला. मी उठणार सहालाच! मधल्या अडीच तासांचें मी काय करूं?"

सोळा कोअरचा रायझेन ९ ७९५०एक्स सप्टेंबर २०२२ मध्यें ६९९ डॉलरला बाजारांत आला होता. त्याचा कूलर वेगळा घ्यावा लागतो, पण रॅम साधी चालते. पुतण्याचा सहा कोअरचा व हा, असे दोन्ही मिळून मूळ किंमतीनें ९२८ डॉलर. एकट्या थ्रेडरिपरहून ५७१ डॉलर कमी, आणि वऱ्हाडाचा खर्च वांचला तो निराळाच. शिवाय दोघांचेंही सॉकेट एकच, एएम५. म्हणजे पुतण्याचें काम पुढें वाढलें, तर मदरबोर्ड तितक्या विजेचा भार सोसणारा असल्यास त्यांतच मोठा प्रोसेसर बसवितां येईल. कागदावरचें गणित प्रत्यक्षांत थोडें इकडेतिकडे होतें. सारे कोअर एकदम राबूं लागले कीं प्रत्येकाची गति किंचित् उतरते. उलट नव्या पिढीचा कोअर जुन्याहून चपळ असतो. आमच्या घरीं पांच चित्रें सात तासांच्या आंत येऊं लागलीं.

यावरून थ्रेडरिपर हा केवळ मिरविण्याचा दागिना, असें मात्र कोणी समजूं नये. चित्रपटासाठीं हलतीं चित्रें करणारास एका सेकंदास चोवीस, म्हणजे एका मिनिटास चौदाशें चाळीस चित्रें लागतात. तेथें एक रात्र पुरत नाहीं, आणि वांचलेला प्रत्येक तास हिशेबांत जमा होतो. वाऱ्याच्या प्रवाहाचीं किंवा यंत्रभागांवरील ताणाचीं अवाढव्य गणितें करणारांस, अनेक ग्राफिक्स कार्डें एकत्र राबविणारांस, कित्येक शें गिगाबाइट रॅम लागणारांस धाकटा प्रोसेसर घेऊन देणें, हीच खरी उधळपट्टी होईल. या प्रोसेसरांच्या पुढच्या पिढ्या २०२४ व २०२५ मध्यें आल्या. आंकडे बदलले, पण निवडीचा न्याय बदललेला नाहीं.

तेव्हां ज्या घरीं असा प्रश्न उपस्थित होईल, तेथें दुकानाकडे जाण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या. काम वाटून देतां येतें का, हें कोअर निम्मे करून पाहावें. वांचलेल्या वेळाचा उपयोग कोणास व कोणता, हें घड्याळ समोर ठेवून ठरवावें. आणि यंत्रावर खरोखर कोण राबतें, हें घरांतील सर्वांस विचारून पाहावें. पहिल्या दोहोंचीं उत्तरें गणितानें मिळतात. तिसऱ्याचें आमच्या घरीं दोन वर्षें रोज रात्रीं दिव्यासारखें डोळ्यांसमोर होतें, आणि आम्ही कूस बदलून निजत होतों.

ठेवींतून बरीच रक्कम उरली. तिचा विचार करण्यास दादांनीं पुढें पुन्हां सभा भरविली, आणि त्या खेपेस पहिलें बोलावणें सूनबाईस गेलें.