जात्यावरचें शहाणपण

प्रतिवर्षीं आमच्या शाळेंत सुभाषितपाठांतराची स्पर्धा होते. गतवर्षीं एका विद्यार्थ्यानें क्रोधाच्या दुष्परिणामांवरील श्लोक अस्खलित म्हटले, आणि दुसरें बक्षीस मिळालें म्हणून व्यासपीठाच्या पायऱ्यांवरच तो पहिल्या क्रमांकाच्या मुलाशीं हमरीतुमरीवर आला. आम्ही त्याला फारसा दोष देत नाहीं. गुणांवरून आम्हां परीक्षकांत त्याच दुपारीं जी वादावादी झाली ती बंद खोलींत झाली, इतकाच काय तो भेद!

मनुष्यस्वभावाची ही गंमत आपल्या कवींना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भर्तृहरीचीं शतकें वामन पंडितांनीं सतराव्या शतकांत मराठींत आणिलीं व तीं पिढ्यान् पिढ्या पाठ होत आलीं. समर्थ रामदासांनीं तर दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खाच्या लक्षणांस दिला, आणि त्याच दशकाचा शेवटचा समास पढतमूर्खास. या क्रमांतच आम्हांस समर्थांचा मिस्किलपणा दिसतो. साधा मूर्ख दारांतच ओळखूं येतो. शिकलेला मूर्ख ओळखावयास दहावा समास उजाडावा लागतो.

हें झालें पुस्तकांतलें. परंतु असल्या शहाणपणाची एक मोठी खाण आपल्याच तालुक्यांत आहे, हें आमच्या किती विद्यार्थ्यांस ठाऊक आहे? मुळशी म्हटलें कीं मुलें धरणाचें नांव घेतात. फार तर १९२१ चा सत्याग्रह व सेनापति बापट यांचें. जात्याचें नांव कोणी घेत नाहीं. वस्तुतः हेमा रायरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ या अभ्यासकांनीं आपल्या सहकाऱ्यांसह येथील व इतरत्रच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. नांदगांव, कोळवडे अशा आपल्या पायांखालच्या गांवांतील बायका त्यांत गायिल्या आहेत. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बर्नार्ड बेल यांच्या साह्यानें कित्येक ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या, आणि आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहांत त्या कोणासही ऐकतां येतात. म्हणजे परदेशच्या विद्वानांस ज्याचें मोल कळलें, तें आमच्या वर्गांत म्हणावयास मुलांस लाज वाटते!

ही लाज कोठून आली याचा विचार केला पाहिजे. पहांट फुटण्यापूर्वीं दोघी जणी जात्याशीं समोरासमोर बसत. एकीनें वैरण घालावी, दोघींनीं खुंटा ओढावा, आणि नाचणीच्या पिठाबरोबर ओवी बाहेर पडावी. दिवसां जिला सासऱ्यासमोर मान वर करण्याची सोय नव्हती, ती त्या वेळीं दगडापाशीं बोले. माहेर, भाऊ, सासुरवास, सीतेचा वनवास, शेजारणीची जीभ, सारें त्यांत येई. मौज अशी कीं, जिच्याविषयीं बोलावयाचें तीच जाऊ किंवा नणंद पुष्कळदां खुंट्याच्या दुसऱ्या बाजूस बसलेली असे. उघड बोलावें तर घरांत भांडण. न बोलावें तर जीव गुदमरे. तेव्हां झाडाचें, पांखराचें, पावसाचें नांव घेऊन बोलावें लागे. आमच्या मतें ओवींतील चातुर्याचा उगम येथें आहे. पंडित माणसांकडे गच्चीवरून पाहातो. या बायकांस त्यांच्याच बरोबर एका चुलीवर जन्म काढावयाचा होता. लोभ, ताठा, ढोंग यांची पारख कोणास अधिक असणार?

छंदाचा विचार केला तरी ज्ञानेश्वरी आणि दासबोध हे दोन्ही ग्रंथ ओवींतच आहेत. तीच ओवी पोथींत गेली कीं आपण हात जोडतों, आणि आजीच्या तोंडीं आली कीं 'अडाणी' म्हणतों. पढतमूर्खाचा समास येथें पुन्हां वाचून पाहावा.

कोणी म्हणेल, तुम्ही दारिद्र्याचें कौतुक मांडलें आहे. तसें नाहीं. दळणें हे अतिशय कष्टाचें काम होतें. पिठाची गिरणी आली हें फार बरें झालें, आणि आमच्या एकाही विद्यार्थिनीस पुन्हां पहांटे खुंट्याला जुंपावें असें आम्हांस स्वप्नांतही वाटणार नाहीं. शिवाय ओव्यांतील सर्वच शहाणपण नव्हे. मुलग्याचें अवाजवी कौतुक आणि मुलीच्या जन्माची खंत त्यांत आहे. तशी ती संस्कृत श्लोकांतही आहे, पण त्यांस आपण बक्षीस देतों. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कष्ट गेले त्याबरोबर गाणेंही चाललें आहे. कारण जात्यावांचून त्याला दुसरें घर नव्हतें. ज्यांनीं स्वतः दळिलें अशा बायका आतां फार थोड्या उरल्या आहेत.

खानदेशांतील बहिणाबाई चौधरी यांस लिहितां येत नव्हतें. घरोट ओढतां ओढतां, शेतांत राबतां राबतां त्या रचीत. मुलगा सोपानदेव व आप्त यांनीं तीं गाणीं कागदावर उतरून घेतलीं. १९५१ मध्यें बहिणाबाई वारल्या आणि पुढच्याच वर्षीं आचार्य अत्रे यांच्या पुरस्कारानें पुस्तक निघालें. घरांत लिहितें माणूस होतें व त्यास आईच्या बोलण्याची किंमत होती, म्हणून महाराष्ट्रास हें धन लाभलें. असा मुलगा ज्यांच्या घरीं नव्हता त्यांचें काय गेलें, याचा हिशेब कोण देणार?

आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीं तर आज लिहितींच माणसें आहेत. या सुटींत आजी, पणजी, शेजारची म्हातारी, जी कोणी आठवूं शकेल तिच्यापाशीं बसावें. पालकांनींही 'अभ्यास सोडून हें काय?' असें म्हणूं नये. ओवी जशी ऐकूं येईल तशी उतरावी. खालीं म्हणणारीचें नांव तिची संमति घेऊन लिहावें, गांव लिहावें. पुढील अंकांत अशा ओव्यांस आम्ही चार पानें राखून ठेवीत आहों. मात्र त्यांतील बोलीवर शुद्धलेखनाचे लाल शेरे मारूं नयेत, अशी मराठीच्या शिक्षकांस आमची आगाऊ विनंति आहे. आणि त्या शिक्षकांत आमचाही समावेश आहे.