मास्तर कोणाच्या घरचा? कर्जत-खालापूरच्या रयतेस एक सवाल

गेल्या चैत्रात आमच्या गावी देवळापुढे कमान उभारण्यासाठी बैठक भरली. तासाभरात कागदावर सहा लाखांचे आकडे पडले. त्याच बैठकीत मी दुसरी एक वही पुढे केली. आमच्या ठाकरवाडीतील एक मुलगी बारावीत आहे; तिला शिक्षिका व्हावयाचे आहे; तिच्या खाणावळीचा खर्च गावाने उचलावा, एवढीच विनंती होती. वही फिरून आली तेव्हा तीत अकराशे रुपये होते, आणि वर "मास्तर, हे काम सरकारचे" असा फुकटचा उपदेश!

बंधूंनो, काम सरकारचे, हे खरेच. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनापुढे हेच सांगितले होते. रयतेच्या घामातून सारा गोळा करावयाचा आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्चावयाचा, हा कोठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. पण त्याच निवेदनात त्यांनी आणखी एक मागणी केली होती, ती आपण साफ विसरलो. प्राथमिक शाळेचे शिक्षक होता होईतो शेतकरी वर्गातून तयार करावेत. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास त्यांना लाज वाटू नये. आणि अशा तयार शिक्षकास दरमहा निदान 12 रुपये मिळावेत. माझा बाप सुतार. त्याचा वाकस आजही घरी खुंटीला आहे, म्हणून ही ओळ मला विसरता येत नाही.

ही मागणी कृतीत आणली ती कर्मवीर भाऊराव पाटलांनी. 1919 साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालू केले. आणि 1935 साली, हायस्कूल काढण्याच्याही आधी, शिक्षक घडविणारे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. आधी मास्तर आपला, मग शाळा, हा तो क्रम. त्यानंतर खेडोपाडी शेकडो व्हॉलंटरी शाळा उघडल्या, त्या या पायावर. 1955 साली माध्यमिक शिक्षकांसाठी साताऱ्यासच आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघाले.

पैसा कोठून आला? संस्थानिकांनी दिला, सरकारने ग्रँट दिली, हे खरे. पण लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. साताऱ्याकडच्या आयाबाया दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढीत. अशी मूठ पाठीशी असली की लाखाच्या देणगीलाही नाही म्हणता येते. शिवाजी कॉलेजचे नाव बदला, मोठी रक्कम देतो, असे एक धनिक म्हणाला तेव्हा भाऊरावांनी त्याला वाटेला लावले, असे जुनी मंडळी सांगतात.

आता आपल्याकडे पाहा. खोपोलीपासून रसायनीपर्यंत कारखाने आहेत. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस नफ्यातील दोन टक्के लोककार्यासाठी काढावे लागतात. त्यातून शाळेची भिंत रंगते, भिंतीवर कंपनीचे नाव चढते, एक टीव्ही येतो, फोटो निघतो. उंदराने वायर कुरतडली की टीव्ही बंद. माणूस घडविण्यास चार वर्षे लागतात आणि त्याच्यावर नाव रंगविता येत नाही, म्हणून त्या कामी कोणी हात सैल सोडीत नाही. पण दुसऱ्यास काय म्हणावे? फार्महाऊससाठी जमिनी विकून ज्यांच्या हाती पैसा खेळला, त्या आपल्याच भाऊबंदांनी हळदीच्या रात्री डीजेवर किती उधळले, याचा हिशेब कोण विचारणार!

आणि वेळ थोडी आहे. मी बारावीनंतर दोन वर्षांत अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलो; बापाने भात विकून ती वर्षे निभावली. पुढे भरती आटली, विद्यार्थी मिळेनात, अशी कितीतरी विद्यालये बंद पडली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर 2030 पर्यंत शिक्षकास चार वर्षांची पदवी हवी असे ठरविले आहे. शिक्षक अधिक शिकलेला असावा, यात वाईट काही नाही. पण चार वर्षे घराबाहेर राहण्याचा खर्च ठाकराने, वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकऱ्याने, कुंभाराने कोठून आणावा? वसतिगृह आणि शिष्यवृत्ती नसेल तर ज्याच्या घरी पैसा त्याचाच मुलगा मास्तर होणार. इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली तेव्हा मदतीची माणसे डोंगर पायी चढून गेली. तशा वाड्या दोन्ही तालुक्यांत अजून आहेत. शहरातला मास्तर तेथे पहिल्या पावसातच बदलीचा अर्ज लिहितो.

माथेरानच्या न्हाव्याच्या घरी जन्मलेले वकील भाई कोतवाल याच मुलखात शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा काढीत होते, धान्यकोठी चालवीत होते. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर ते गोळीला बळी पडले. दर वर्षी तेथे हार घालण्यास आपण जातो. येताना कोठीचीही आठवण ठेवावी!

माझे मागणे मोठे नाही. भात झोडून झाले की घरटी एक पायली तांदूळ द्या. ज्याला जमिनीचा पैसा मिळाला त्याने रोख द्यावे. वही माझ्याजवळ नाही, वाडीच्या बचत गटातील बायांकडे आहे. हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचला जाईल. कारखानदाराने दिले तर तेही घेऊ, पण मुलीच्या पाटीवर त्याचे नाव लागणार नाही. पोरगी पुढील जूनमध्ये निघेल, आणि खाणावळवाला पहिल्या महिन्याचे पैसे आगाऊ मागतो.