साक्षांकन नमुन्यातला एक रकाना

मागच्या आठवड्यात पोलीस भरतीच्या निवड यादीत नाव आलेला गावातला एक पोरगा साक्षांकन नमुना भरायला माझ्याकडे आला. नाव, पत्ता, शिक्षण सगळं भरून झालं आणि एका रकान्यापाशी त्याचा पेन थांबला. कधी गुन्हा दाखल झाला होता का? शिक्षा झाली होती का?

तीन वर्षांपूर्वीच्या रास्ता रोकोत याचंही नाव होतं. कोर्टात "कबूल कर, दंड भर, मोकळा हो" असं कुणीतरी सांगितलं. त्याने पाचशे रुपये भरले आणि विसरून गेला. आपल्याकडे हे शंभरातल्या नव्वद पोरांना माहीतच नसतं, की गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे कागदावर ती दोषसिद्धीच झाली.

"दादा, लिहू का सोडून देऊ?"

मी म्हटलं, लिही. अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१६ साली हा विषय सविस्तर मांडलाय. माहिती खरीच द्यायची. गंभीर गुन्ह्यातली शिक्षा लपवली, तर लागलेली नोकरीही जाऊ शकते. तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखं किरकोळ प्रकरण असेल, तर लपवलेलं असूनही माफ करायचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला आहे. पण खरं लिहिलं म्हणून नोकरी दिलीच पाहिजे, अशी सक्ती मात्र त्याच्यावर नाही. निर्दोष सुटलात, पण संशयाचा फायदा मिळून सुटलात, तरी तो विचार करू शकतो.

गैरसमज नको. खून, बलात्कार, दरोडा यात शिक्षा झालेल्याच्या हातात सरकारी रायफल देऊ नये, याबद्दल माझं दुमत नाही. पडताळणी हवीच. त्याच निकालात कोर्टाने असंही म्हटलंय की पद जितकं वरचं, तितकी कसोटी कडक. अगदी बरोबर.

मग आता वर बघू.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८ काय सांगतं? काही ठरावीक गुन्हे सोडले, तर दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तरच अपात्रता. ती शिक्षेच्या काळात आणि सुटकेनंतर सहा वर्षं. नुसता खटला चालू असेल, तर निवडणूक लढवायला अडचण नाही. म्हणजे गंभीर आरोप असलेला माणूस निवडून येऊन कायद्याने गृहमंत्रीसुद्धा होऊ शकतो. पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतो आणि राज्यातल्या नाजूक फायली त्याच्या टेबलावर येतात. त्याला चारित्र्य पडताळणीचा कागद कोणी मागत नाही.

लोक म्हणतील, मतदारांनी पारखलंय ना! ठीक आहे. पण फरक बघा. उमेदवाराने प्रतिज्ञापत्रात सगळे गुन्हे लिहिले की त्याचं काम झालं. आमच्या पोराने एक लिहिला की त्याची झोप उडाली.

आणि गंमत म्हणजे त्या रास्ता रोकोला पोरांना बोलावणारे पुढारीच होते.

माझं म्हणणं एवढंच. कोणत्या गुन्ह्यातली शिक्षा कायमची आड येईल आणि किरकोळ दंडाची नोंद किती वर्षं मोजायची, हे भरतीच्या जाहिरातीतच स्पष्ट छापा. नाकारलं तर लेखी कारण द्या, तेही ठरलेल्या मुदतीत. आणि आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याची घोषणा केली, तर कोर्टाची परवानगी मिळेपर्यंत पाठपुरावाही करा. भाषणाने नोंद पुसली जात नाही.

पोरांनो, तुमच्यासाठी दोन गोष्टी. वकिलाला विचारल्याशिवाय दंड भरून "मोकळं" होऊ नका. आणि त्या रकान्यात खोटं लिहू नका.

त्या पोराने खरं लिहिलंय. आता आम्ही वाट बघतोय.