'जैसे थे' आणि शांतता
परराष्ट्र-विचार : वाटसरू

आमच्या परभणी जिल्ह्यातील वृद्ध माणसे अद्यापि 'रझाकारीत', म्हणजे निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र रझाकारांच्या दहशतीच्या काळी, आणि 'पोलीस ॲक्शननंतर' अशी कालगणना करतात. परंतु ज्या घटनेस सरकारने हे सौम्य नाव दिले आणि लोकांनीही ते बिनतक्रार स्वीकारले, ती निजामाच्या हैदराबाद संस्थानावर रणगाडे व विमाने यांसह झालेली लष्करी मोहीम होती, आणि लष्कराच्या दप्तरी तिची नोंद 'ऑपरेशन पोलो' अशी आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे युद्धास युद्ध न म्हणण्यात केवढा मुत्सद्दीपणा असतो ते उमगते. कारण पोलिसांचे काम हा घरचा मामला ठरतो. युद्धाचा मात्र जगापुढे जाबजबाब द्यावा लागतो.

तो द्यावा लागण्याचा प्रसंग आलाही होता. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादच्या सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेकडे हिंदुस्थानविरुद्ध फिर्याद गुदरली. परिषद १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये तिच्या विचारार्थ बसली, तेव्हा मोहिमेचा चौथा दिवस चालू होता. दुसऱ्या दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली आणि २२ तारखेस तारेने फिर्यादच मागे घेतली. अव्वल तालुकदाराच्या कचेरीतून ज्याचा कारभार चाले असा औरंगाबाद सुभ्यातला हा जिल्हा काही आठवडे आंतरराष्ट्रीय संबंधांचा विषय झाला होता, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांना फारशी ठाऊक नाही.

आंतरराष्ट्रीय संबंध या शास्त्राचे पहिले अध्यासन १९१९ मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे, महायुद्धाच्या राखेवर, पुन्हा युद्ध होऊ नये या इच्छेने स्थापन झाले. परंतु पुढे युद्ध कसे जिंकावे, सत्तेचा समतोल कसा राखावा, याच गणितात ते अधिक रमले. तेव्हा शांततेचाच अभ्यास करणारी एक निराळी शाखा फुटली. अमेरिकेतील मँचेस्टर महाविद्यालयाने तिचा अभ्यासक्रम १९४८ सालीच, म्हणजे आमच्याकडे रझाकारी ऐन भरात असताना, सुरू केला हा योगायोग. पुढे योहान गाल्टुंग या नॉर्वेच्या पंडिताने १९५९ मध्ये ओस्लोत संशोधनसंस्था उभारली. सैनिकी सेवेस नकार दिल्याबद्दल बंदिवास भोगलेल्या आणि अर्ने नेस यांच्यासमवेत गांधीजींच्या राजकीय नीतिविचारावर ग्रंथ लिहिलेल्या या गृहस्थाचे म्हणणे असे की, लढाई थांबणे ही केवळ नकारात्मक शांतता होय, आणि जेथे टाळता येण्याजोगे दुःख समाजाच्या रचनेतूनच माणसाच्या वाट्यास येते तेथे बंदुकीचा आवाज नसूनही हिंसा चालूच असते. क्षयाने अठराव्या शतकात मरणे हे दुर्दैव. औषध हाताशी असताना आज मरणे ही हिंसा, हा त्याचाच दाखला. आमच्या नैयायिकांनी अभाव हाही एक पदार्थ मानला, म्हणून नकारात्मक शांततेस अभावात्मक म्हणणे मला अधिक रुचते.

अशा अभावात्मक शांततेचे अस्सल उदाहरण आमच्याच दप्तरात आहे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात वर्षभरासाठी जो करारनामा झाला, त्याचे मराठी नावच 'जैसे थे करार' असे आहे! रझाकारांची दहशत जैसे थे राहिली, आणि उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या ठिकाणी स्टेट काँग्रेसची सशस्त्र केंद्रे उभी राहिली. वर्ष पुरे होण्यापूर्वीच करार मेला. पण सतरा सप्टेंबरला जी शांतता आली ती तरी पूर्ण होती काय? पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्याच वर्षअखेरीस संस्थानात फिरून, पोलीस ॲक्शनच्या काळात व तदनंतर मारल्या गेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा बांधला. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. हा अहवाल कित्येक दशके कपाटात राहिला. रझाकारांचे अत्याचार जितके खरे तितकाच हा सूडही खरा, हे एका दमात म्हणणारा वक्ता मुक्तिदिनाच्या व्यासपीठावर मी अद्याप ऐकलेला नाही.

रचनेतल्या हिंसेची आणि अपुऱ्या शांततेची पुढची हकीकत थोडक्यात. १९५३ च्या नागपूर कराराने मराठवाड्यास न्याय्य वाट्याचे वचन दिले. १९७४ मध्ये, तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या वसमत येथे, विकासाचा तोच वाटा मागणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. आणि डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना होऊन शहर पेटले. अशा शहरात फेब्रुवारीत सूफी संत तुराबुल हक यांच्या उरुसास दोन्ही धर्मांची माणसे एकाच गर्दीत मिसळतात, हे अभ्यासकांनी आवर्जून नोंदवावे असे आहे.

आपल्या घरी वा शेजारी १९४८ पाहिलेले कोणी हयात असेल, तर वाचकांनी या आठवड्यातच त्यांच्यापाशी बसावे, आणि हकीकत वहीत उतरवून घ्यावी. मात्र एका मोहल्ल्यात बसलात तर दुसऱ्यातही बसा.