दोष दुभाष्याचा, शिक्षा यंत्राला

काउंटरसमोर रांग वाढलेली असावी आणि नेमका त्याच वेळी संगणक एकाएकी थिजावा, हा अनुभव शाखांना नवा नाही. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले जाते, काम सुरू होते आणि घटना विस्मरणात जाते. हे विस्मरणच खरे घातक होय.

अशा अवचित बिघाडांमागे पुष्कळदा सदोष ‘ड्रायव्हर’ असतो. प्रिंटर, स्कॅनर आदी उपकरणे व संचालन प्रणाली यांच्यातील हा दुभाषी. अनेक ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यातच काम करतात. तेथील एक चूकही संपूर्ण यंत्र थांबवू शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-ड्रायव्हरने एक सदोष फाइल वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातील ८५ लाख संगणक कोलमडले. ती फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली गेली. तरीही असंख्य यंत्रे ‘सेफ मोड’मध्ये एकेक करून दुरुस्त करावी लागली.

यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. बिघाडाची वेळ व पडद्यावरील त्रुटी-संकेतांक नोंदवहीत टिपावा. तत्पूर्वी कोणता बदल झाला, ते पाहावे. नव्या ड्रायव्हरनंतरच त्रास सुरू झाला असल्यास तांत्रिक विभागाकडून जुना ड्रायव्हर परत बसवून घ्यावा. मुख्य म्हणजे, नवा ड्रायव्हर आधी एकाच यंत्रावर पारखावा, मगच सर्वत्र बसवावा.

यास विलंब लागतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु रोखपालही नोट पारखूनच गल्ल्यात ठेवतो. त्या विलंबाविषयी कोणी तक्रार करीत नाही.