नऊ सामने जिंकले, तरी नापास!

वार्षिक परीक्षेत चिरंजीवांनी शंभरापैकी ८५ गुण आणले, तर आपल्याकडे वडीलमंडळी चष्मा कपाळावर चढवून पहिला प्रश्न विचारतात, "बाकीचे १५ कुठे गेले?" पोरगे खाली मान घालून उभे राहते, आई स्वयंपाकघरातून "अहो, पुरे आता" म्हणते आणि प्रकरण तिथे मिटते. बिचाऱ्या वडिलांचा इलाजही नसतो. गुण कमी पडले म्हणून मुलगा काही बदलून आणता येत नाही!

कोच मात्र बदलता येतो. आणि तो बदलता येतो, एवढ्याच कारणाने अमेरिकेत दर वर्षी किती घोटाळे होतात, ते पाहण्यासारखे आहे. हल्ली मराठी घरांतून कोणाचा भाचा, कोणाची सून अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात असतेच. आपली दिवाळी येते तेव्हा तिकडे कॉलेज-फुटबॉलचा हंगाम ऐन रंगात असतो. फराळाचा डबा पोचल्याचे फोनवर सांगता सांगता भाचा मध्येच म्हणतो, "मामा, आमचा कोच यंदा जाणार!" मामाला वाटते, हा कोच आगगाडीचा असावा.

तेव्हा आधी थोडा खुलासा. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू अंडाकृती, तो हातात धरून पळायचा, फेकायचा आणि समोरच्याने आडवा पाडला की पुन्हा उठायचे. खेळणारी मुले अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. सामना आठवड्यातून एक, तोही बहुधा शनिवारी. साऱ्या हंगामात जेमतेम डझनभर. त्यामुळे एक सामना हरला की आठवडा सुतकात जातो आणि चार हरले की वर्ष! आपल्या तालमीत वस्तादाला जो मान, तो तिकडे कोचला. पगाराच्या बाबतीत मात्र वस्तादाने नाव काढू नये. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांमधला सर्वांत जास्त पगाराचा नोकर हा राज्यपाल नसून कुठल्यातरी विद्यापीठाचा कोच असतो.

एवढा पगार घेणाऱ्याने जिंकलेच पाहिजे, असे लोकांना वाटले तर त्यांचे काय चुकले? काहीच नाही. प्रश्न एवढाच की, किती जिंकले म्हणजे पुरे? या प्रश्नाचे उत्तर नेब्रास्का नावाच्या राज्याने जेवढ्या महागात विकत घेतले, तेवढे क्वचितच कोणी घेतले असेल.

नेब्रास्का हे मक्याचे राज्य. वस्ती सुमारे वीस लाख, म्हणजे मुंबईच्या दोन-तीन उपनगरांत मावेल एवढी. तिथे धंदेवाईक फुटबॉलचा मोठा संघ नाही. जे आहे ते लिंकन शहरातल्या विद्यापीठाचे. संघाचे नावही 'कॉर्नहस्कर्स', म्हणजे मक्याची कणसे सोलणारे! शनिवारी सारे राज्य लाल कपडे घालून त्या स्टेडियमात लोटते. १९६२ च्या नोव्हेंबरापासून तिथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटे खपत आली आहेत, आणि अशा सामन्यांचा चारशेचा आकडा २०२४ साली पुरा झाला. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम हेच राज्यातले तिसऱ्या क्रमांकाचे शहर होते, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात.

आता या लोकांच्या धीराची पहिली परीक्षा पाहा. १९६२ साली बॉब डिव्हॅनी नावाचे कोच आले. त्यापूर्वीची कित्येक वर्षे पराभवातच गेली होती. डिव्हॅनींनी पहिल्याच वर्षी ९ सामने जिंकून दिले आणि राज्य डोक्यावर घेतले. पण १९६७ साली ६ विजय आणि ४ पराभव. १९६८ साली पुन्हा तेच. त्यात शेवटच्या सामन्यात ओक्लाहोमाने ४७-० असा धुव्वा उडवला. झाले! ओमाहा शहरात डिव्हॅनींना घालवण्यासाठी लोकांनी अर्जावर सह्या गोळा करायला सुरुवात केली. पाच वर्षे खांद्यावर घेऊन नाचवलेला माणूस दोन वर्षांत डोळ्यांत खुपू लागला.

सुदैवाने त्या अर्जाकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. डिव्हॅनी जागेवर राहिले; पण नुसते राहिले नाहीत. आपल्या चढाईची जुनी रीत कालबाह्य झाली आहे हे ओळखून त्यांनी ती नव्याने बसवली, आणि ते काम टॉम ऑसबोर्न नावाच्या एका तरुण मदतनिसावर सोपवले. १९६९ साली ९ विजय आले. १९७० आणि १९७१ साली नेब्रास्का सबंध अमेरिकेत पहिली! सह्या करणाऱ्यांपैकी किती जण त्या विजयाच्या मिरवणुकीत पुढे होते, याची नोंद कोणी ठेवली नाही. असल्या नोंदी कोणी ठेवत नसते.

१९७३ साली डिव्हॅनींच्या जागी ऑसबोर्न आले. अबोल, सरळ, मानसशास्त्राची डॉक्टरेट घेतलेले गृहस्थ. हे दर वर्षी नऊ किंवा अधिक सामने जिंकत, पण ओक्लाहोमापुढे गाडी अडे. पहिल्या पाचही वर्षी त्या एका संघाने त्यांना हरवले. लोक म्हणू लागले, "माणूस भला आहे, पण मोठा सामना जिंकायचा तर भलेपणा पुरत नाही." कुरकुर एवढी वाढली की १९७८ च्या हंगामानंतर ऑसबोर्न शेजारच्या कोलोरॅडो विद्यापीठाशी बोलणी करायला गेले होते. अखेर ते लिंकनलाच राहिले.

पुढे १९८४ च्या जानेवारीत मायामीविरुद्ध मोठा सामना झाला. तोवर त्या हंगामात नेब्रास्का एकही सामना हरलेली नव्हती. शेवटच्या मिनिटात एका गुणाने ती मागे, ३१-३०. साधी लाथ मारून एक गुण घेतला असता तर बरोबरी झाली असती, आणि देशातला पहिला क्रमांक बहुधा मिळालाच असता. ऑसबोर्नांनी बरोबरी नाकारली. जिंकायचे तर पुरते, म्हणून दोन गुणांचा डाव टाकला. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाताला लागून खाली पडला, आणि वर्षभराचे स्वप्नही. पहिला क्रमांक मायामीला गेला. पण त्या पराभवाबद्दल नेब्रास्कात आजही आदराने बोलतात, विजयाबद्दल बोलावे तसे. देशातला पहिला क्रमांक ऑसबोर्नांना मिळाला तो १९९४ साली, म्हणजे कोच झाल्यावर बाविसाव्या हंगामात! मग १९९५ आणि १९९७ साली पुन्हा. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. २५ वर्षांत २५५ विजय, ४९ पराभव, आणि एकही वर्ष नऊपेक्षा कमी विजयांचे नाही.

इथे गोष्ट संपली असती तर 'धीर धरी त्याला फळ' असे सुवचन लिहून मी तुमची रजा घेतली असती. पण खरी गंमत पुढेच आहे.

ऑसबोर्नांच्या मागून फ्रँक सोलिच आले. हे घरचेच. डिव्हॅनींच्या हाताखाली खेळलेले, ऑसबोर्नांच्या हाताखाली १९ हंगाम राबलेले. १९९९ साली त्यांनी १२ सामने जिंकले. २००१ च्या हंगामात संघाला देशातल्या अखेरच्या सामन्यापर्यंत नेले. तिथे मायामीने ३७-१४ असे हरवले. २००२ साल वाईट गेले, ७ विजय आणि ७ पराभव. ४० वर्षांत पहिल्यांदाच विजयाचे पारडे खाली आले. सोलिचांनी काय केले? डिव्हॅनींनी केले तेच. चूक शोधली, मदतनीस बदलले, बचावाची घडी नव्याने बसवली. २००३ साली ९ विजय, ३ पराभव. नववा विजय मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना नारळ दिला!

कारण असे सांगण्यात आले की संघ सामान्यपणाकडे घसरू द्यायचा नाही. आता हा सामान्यपणा जरा तराजूत घालून पाहू. सोलिचांची सहा वर्षे : ५८ विजय, १९ पराभव. थोर ऑसबोर्नांची पहिली सहा वर्षे : ५५ विजय, १६ पराभव, २ बरोबरी. सोलिचांना सामने चार अधिक मिळाले, पराभवही तीन अधिक, हे कबूल. पण दोघांत डोंगराएवढे अंतर कुठे आहे? देशातला पहिला क्रमांक त्या सहा वर्षांत दोघांनाही मिळाला नव्हता. आणि गंमत म्हणजे ऑसबोर्नांचे सहावे वर्षही ९ विजय आणि ३ पराभवांचेच होते.

सोलिचांची तुलना झाली ती १९७८ च्या ऑसबोर्नांशी नव्हे, १९९७ च्या ऑसबोर्नांशी. नव्या सुनेच्या पहिल्या पुरणपोळीची तुलना सासूबाईंच्या चाळिसाव्या वर्षीच्या पुरणपोळीशी करावी, तसेच हे. सासूबाईंची पहिली पोळी तव्यावर कशी फुटली होती, ते सांगायला आजेसासूबाई राहिलेल्या नसतात, एवढेच.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो सुखाचा नाही. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागल्यावर महिना उलटला तरी नवा कोच ठरेना. अखेर धंदेवाईक फुटबॉलमधले नामांकित बिल कॅलहन आले आणि पहिल्याच वर्षी, २००४ साली, ५ विजय नि ६ पराभव. पराभव विजयांहून जास्त, हे १९६१ नंतर प्रथमच घडले. मग बो पेलिनी आले. त्यांनी सात वर्षे दर वर्षी नऊ किंवा दहा सामने जिंकले. पण तोंडाने फटकळ. प्रेक्षकांना खासगीत दिलेल्या शिव्यांचे ध्वनिमुद्रण २०१३ साली बाहेर आले, आणि २०१४ साली तेही गेले. त्यांच्यामागून आलेल्या माइक रायलींचे तीन वर्षांत १९ विजय, १९ पराभव. १९९९ नंतर २०२४ पर्यंत नेब्रास्काने आपल्या गटाचे अजिंक्यपद एकदाही मिळवले नाही.

"म्हणजे कोचला कधी हलवूच नये काय?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि नेब्रास्कानेच त्याचे उत्तर दिले आहे. २०१८ साली स्कॉट फ्रॉस्ट आले. १९९७ च्या विजयी संघाचे हेच नायक, त्याच मातीतले. लोकांनी या वेळी धीर धरायचे ठरवले आणि धरलाही. २०२१ साली ३ विजय आणि ९ पराभव. तेही सगळे दहाहून कमी गुणांच्या फरकाने! जवळ येत आहेत, पुढच्या वर्षी जिंकतील, असे म्हणत लोकांनी गिळले. फ्रॉस्टांनीही मदतनीस बदलले, पण गुण आला नाही. २०२२ च्या सप्टेंबरात ते गेले तेव्हा हिशेब होता १६ विजय, ३१ पराभव. त्यांना घालवणे चूक होते, असे कोणी म्हणणार नाही. पण त्यातही गुडघ्याला बाशिंग! त्यांना द्यायची भरपाई दीड कोटी डॉलर्स होती आणि ती १ ऑक्टोबरला निम्म्यावर येणार होती. तीन आठवडे दम निघाला असता तर ७५ लाख डॉलर्स वाचले असते.

याचा अर्थ धीर हा काही रामबाण नव्हे. डिव्हॅनींच्या वेळी तो फळला, फ्रॉस्टांच्या वेळी नाही. फरक तारतम्याचा आहे. वाईट वर्ष आले की चाहत्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आपण याची तुलना कोणाशी करतो आहोत, त्याच्यासारख्याशी की आठवणीतल्या देवाशी? चूक कळून ती सुधारण्याचे काम चालू आहे काय, आणि त्याचा काही गुण दिसतो काय? आणि हा गेल्यावर येणार कोण? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "कोणीतरी चांगला" एवढेच असेल, तर अर्जावर सही करू नये. आणि मैदानावर धडपडणारी ती विशी-बाविशीची पोरे एका माणसाच्या भरवशावर त्या गावी आलेली असतात, हेही विसरू नये.

नेब्रास्काच्या चाहत्यांची बाजू सांगितल्याशिवाय लेखणी ठेवणे अन्यायाचे होईल. सह्या करणारे थोडे, खुर्ची धरून बसणारे फार. पडत्या काळात तिकिटे उरू लागली तेव्हा देणगीदारांनी ती विकत घेऊन गरीब मुलांना वाटली. पाहुणा संघ जिंकून मैदानाबाहेर जाऊ लागला की हे लाल कपड्यांतले लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, ही तिथली जुनी रीत. स्टेडियमच्या भिंतीवर हार्टली बर अलेक्झांडर नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने लिहून दिलेला एक लेख कोरला आहे. विजयापेक्षा कृती मोठी आणि खरे यश कर्मातच, असा त्याचा आशय. वाचून आपल्याला गीतेची आठवण व्हावी. पण भिंतीवर कोरणे सोपे. नऊ-तीनच्या साली आठवणे कठीण.

आणि सोलिच? ते ओहायो नावाच्या दुसऱ्या विद्यापीठात गेले, १६ हंगाम राहिले, ११५ सामने जिंकले. तिथल्या मैदानाला आता त्यांचे नाव आहे. २०२३ साली नेब्रास्काने नव्या कोचच्या पहिल्या वसंतात त्यांना सन्मानाने परत बोलावले. काढून टाकल्यानंतर वीस वर्षांनी म्हातारा माणूस त्या मैदानावर आला. झाले ते चांगलेच झाले. नऊ विजयांचा सत्कार करायला वीस वर्षे लागली, इतकेच.