खोल पाण्याचा हिशेब

पोहण्याचा तलाव तोट्यात चालतो, म्हणून तो बंद करावा किंवा त्याचे भाडे बाजारभावाने वसूल करावे, हा युक्तिवाद जर्मनीतील नगरपालिकांत इतका रूढ झाला आहे की त्यामागचे अर्थशास्त्र तपासण्याची गरजही फारशी कोणाला वाटत नाही. त्याचा पहिला बळी लहान क्लब ठरतो. आणि लहान क्लबांतही सर्वांत दुबळा, पाण्याखालील रग्बीचा. मूठभरांच्या या विक्षिप्त छंदासाठी करदात्याने पाणी का तापवावे, असे विचारले की सभागृहात टाळ्या पडतात. टाळ्या पडल्या म्हणजे प्रश्न बरोबर होता, असे मात्र नव्हे.

हा खेळ आला कोठून? १९६१ मध्ये कोलोनच्या पाणबुड्यांच्या क्लबातील लुडविग फॉन बेर्सुडा याने चेंडूत मिठाचे पाणी भरले आणि तो तलावाच्या गोड्या पाण्यात बुडू लागला. १९६४ मध्ये म्युलहाइम येथे पहिला अधिकृत सामना झाला. १९८० ची पहिली जागतिक स्पर्धाही तेथेच. म्युलहाइम हे रूर खोऱ्यातील, कोळसा-पोलादाच्या प्रदेशातील शहर. याच काळात ‘सोनेरी योजने’खाली पश्चिम जर्मनीत केंद्र, राज्ये आणि नगरपालिका यांनी मिळून क्रीडांगणे, व्यायामशाळा व तलाव उभारले. खेळ हौशी माणसांनी शोधला हे खरे. परंतु त्याला लागणारे साडेतीन ते पाच मीटर खोल पाणी सार्वजनिक पैशातून आले. आज जुना तलाव पाडून घसरगुंड्यांचा नवा तलाव बांधला जातो तेव्हा तिकिटे खपवणारे उथळ पाणी वाढते आणि खोल पाणी गुपचूप नाहीसे होते.

क्लब म्हणजे चार मित्रांची मौज, असे ज्यांना वाटते त्यांनी एक सराव पाहावा. दोन्ही बाजूंचे सहा-सहा खेळाडू पाण्यात असतात, तळाशी दोन टोकांना धातूच्या टोपल्या, आणि चेंडू पाण्याबाहेर काढायचा नाही. हाताने ढकललेला चेंडू दोनतीन मीटरांतच मंदावतो. म्हणून सहकारी जवळ हवा. श्वास संपला की गोलरक्षकालाही वर जावेच लागते, आणि तो निघण्यापूर्वी दुसऱ्याने टोपली झाकलेली असावी लागते. ही अदलाबदल अंगवळणी पडायला महिनेच्या महिने जातात. नवशिक्याला आधी कानांवरचा दाब सांभाळणे, मास्कमधले पाणी काढणे, फिन्सनी पोहणे हे शिकवायचे, चेंडू नंतर. डुबकीपूर्वी भराभर श्वास घेण्यास सक्त मनाई असते, कारण त्याने शरीरातील कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची निकड जाणवत नाही आणि माणूस पूर्वसूचनेशिवाय बेशुद्ध होतो. म्हणून एकाची नजर दुसऱ्यावर हवी. अशी नजर आठवड्यामागून आठवडे एकत्र उतरणाऱ्या माणसांतच तयार होते.

आता लहान क्लबाचे गणित. पूर्ण सरावाला बारा जण हवेत, येतात सात. मग एकाच टोपलीवर तीन विरुद्ध तीन खेळायचे, सातव्याने पंच व्हायचे, आणि स्पर्धेसाठी शेजारच्या गावाशी संयुक्त संघ करायचा. (जर्मन कायद्यात संस्था नोंदवायला सातच सभासद लागतात, आपल्याकडील १८६० च्या कायद्यातही आकडा तोच.) मोठ्या क्लबाचे दोन सभासद गेले तर कोणाच्या लक्षातही येत नाही; येथे दोन गेले की सरावच संपतो. भाडेवाढीचा घाव म्हणूनच सर्वांवर सारखा पडत नाही.

आणि हे भाडे ठरते कसे? पाणी तापवणे, गाळणे, इमारत राखणे हा खर्च रग्बीवाले आले किंवा न आले तरी होतोच. रात्रीच्या त्या एका तासाने वाढतो तो दिव्यांचा आणि रखवालदाराचा खर्च. पण आकारणी होते सरासरी खर्चाने. क्लब जातो, त्याचा वाटा उरलेल्यांवर पडतो, पुन्हा दर वाढतात, दुसरा क्लब जातो. मग हाच तोटा तलाव पाडण्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. वस्तुतः हा तोटा दरपत्रकानेच वाढवलेला असतो.

२०२२ मध्ये इंधनाचे भाव भडकले, नगरपालिकांची तिजोरी खरोखरच आटली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण काटकसर कोणाच्या अंगावर येते? त्याच वर्षीच्या पाहणीत सहा ते दहा वयाच्या मुलांपैकी वीस टक्क्यांना पोहता येत नव्हते. २०१७ मध्ये हे प्रमाण दहा टक्के होते. कमी उत्पन्नाच्या घरांत ते जवळजवळ निम्मे, सुस्थितीतील घरांत त्याहून कितीतरी कमी. ज्याच्याकडे पैसा आहे तो खासगी शिकवणी लावतो.

क्लबांचा दोषही लपवू नये. तासाला वतन समजून जुने खेळाडू सामना खेळतात आणि नवशिके काठावर कुडकुडत बसतात, ज्याला मास्क-फिन्स परवडत नाहीत त्याच्यासाठी क्लबात जादा जोड नसतो, असे जेथे असेल तेथे सार्वजनिक सवलतीचा हक्क सांगणे निर्लज्जपणाचे आहे. तेव्हा सौदा उघड असावा: नगरपालिकेने आठवड्यातून दोन तास खोल पाणी केवळ वाढीव खर्चावर द्यावे, क्लबाने त्यातला पहिला अर्धा तास परिसरातील मुलांना पोहणे शिकवण्यात घालवावा, आणि उसने देण्याचे मास्क-फिन्स मागतील त्यांना मिळतील असे तलावाच्या दारावर लावावे.